सेवा की जाहिरात? फोनमधल्या नकोशा मेसेजमागचा इतिहास

मेसेजच्या ॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाआधी दोन अक्षरं आणि एक आडवी रेघ दिसते. व्हीएम, एडी, जेडी वगैरे. पहिल्या अक्षरावरून मेसेज कोणत्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून निघाला ते कळतं, दुसऱ्यावरून कोणत्या सर्कलमधून, म्हणजे मोबाइल सेवेच्या कोणत्या विभागातून. एम म्हणजे मुंबई. मे २०२५ पासून नावाच्या शेवटीही एक अक्षर आलं. पी म्हणजे प्रमोशनल, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शनल आणि जी म्हणजे सरकारी. नकोशा मेसेजविरुद्धचा पहिला नियम आला २००७ मध्ये. म्हणजे हे शेवटचं अक्षर छापून यायला अठरा वर्षं लागली. या सगळ्या काळात खरा वाद जाहिरातीचा नव्हता, कारण जाहिरात कुणालाही ओळखता येते. वाद होता तो ‘सेवा’ म्हणून येणाऱ्या जाहिरातीचा.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. नको असलेल्या कॉल्सविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. त्यानंतर २००७ मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, नियम केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘डू नॉट कॉल’ यादी सुरू झाली. नाव नोंदवल्यावर ते लागू व्हायला ४५ दिवसांपर्यंत वेळ लागायचा. यादी तपासून मेसेज पाठवायची जबाबदारी टेलिमार्केटरवर होती आणि चुकल्यास दंड होता ५०० रुपये. लाखभर मेसेज एका झटक्यात सोडणाऱ्याला त्याचं ओझं वाटण्याचं कारणच नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये नवे नियम आले आणि २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्ण लागू झाले. १९०९ या क्रमांकावर ‘स्टार्ट ०’ पाठवलं की सगळं बंद. किंवा बँक, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य अशा सात प्रकारांपैकी हवे तेवढेच चालू ठेवायचे. रात्री ९ ते सकाळी ९ जाहिरात पाठवायला बंदी.

त्याआधी एक प्रश्न चर्चेला आला होता, तो मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी करायची की ‘हवं’ म्हणणाऱ्यांची? दुसरा मार्ग घेतला असता तर गप्प बसलेला माणूस आपोआप सुरक्षित राहिला असता. पण पहिलाच मार्ग कायम राहिला, आणि पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच वाढत गेली. नाही म्हणायचं काम ग्राहकाचं ठरलं, तर त्या ‘नाही’ला अपवाद कोणते ते ठरवायचं काम दुसऱ्यांकडे गेलं.

२०११ च्या त्याच सप्टेंबरात आणखी एक निर्णय झाला. एका सिमवरून दिवसाला १०० पेक्षा जास्त मेसेज पाठवता येणार नाहीत. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिराती सोडणाऱ्यांना रोखायचा तो प्रयत्न होता, पण त्यात कॉलेजातली मुलंही अडकली. महिन्याभरात मर्यादा २०० वर गेली. २०१२ च्या जुलैत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने खाजगी मेसेजवरची ती मर्यादा काढून टाकली. मग १०० च्या पुढच्या प्रत्येक मेसेजला किमान ५० पैसे घ्यायचं ठरलं आणि ते २०२० पर्यंत चाललं.

आता मूळ गाठीकडे येऊ. २०१० च्या नियमांत ‘ट्रान्झॅक्शनल’ हा शब्द बऱ्यापैकी साधा होता. खात्यातून पैसे गेले, गाडीचं तिकीट निघालं, शाळेने पालकांना काही कळवलं, अशी ती यादी होती. हे मेसेज ‘नको’ म्हणणाऱ्यालाही जायचे आणि त्यावर कुणाची फारशी हरकत नव्हती. १९ जुलै २०१८ ला पुढचे नियम आले. त्यांच्या मजकुरात ट्रान्झॅक्शनल म्हणजे ग्राहकाने केलेल्या व्यवहारानंतर ३० मिनिटांच्या आत गेलेला, थेट त्या व्यवहाराशी जोडलेला मेसेज. त्याच्या शेजारी ‘सर्व्हिस’ हा वेगळा प्रकार आला. पण नोंदणी करायची होती मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर, आणि तिथे ट्रान्झॅक्शनलचा अर्थ निघाला फक्त बँकेचा ओटीपी. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकाच वेळी चालू होते. बँकेचा ओटीपी सोडला तर उरलेलं सगळं, म्हणजे दुकानाचं बिल, कुरिअरची वेळ, शाळेची सूचना, बँकेचाच शिल्लक रकमेचा मेसेज, सर्व्हिसमध्ये ढकललं गेलं.

त्या सर्व्हिसचेही दोन तुकडे झाले, इम्प्लिसिट आणि एक्सप्लिसिट. इम्प्लिसिट म्हणजे ग्राहकाशी व्यवहार आहे, त्यामुळे संमती गृहीत. एक्सप्लिसिट म्हणजे ग्राहकाने खास संमती दिली आहे, म्हणून आपल्याच ग्राहकाला नवी योजना, सवलत, वाढीव कर्ज वगैरे कळवता येतं, त्याने १९०९ ला काहीही सांगितलेलं असलं तरी. प्रश्न असा की ती संमती ठेवली कुठे होती? पाठवणाऱ्याने ‘कन्सेंट टेम्प्लेट’ पोर्टलवर चढवायचा, म्हणजे आपण ग्राहकाला काय विचारतो त्याचा नमुना. ग्राहकाने खरंच हो म्हटलं का, हे ग्राहकाला विचारायची सोय तेव्हा उभीच राहिली नव्हती. त्यात प्रमोशनल मेसेज सहा आकड्यांच्या नावाने यायचे, तर सर्व्हिसवाले सहा अक्षरांच्या ओळखीच्या नावाने. ओटीपी ज्या नावाने यायचा तसल्याच नावाने कर्जाची जाहिरातही येऊ लागली. म्हणून ‘डीएनडी (म्हणजे १९०९ वर ‘नको’ची नोंद) केलंय तरी मेसेज कसे येतात’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘सर्व्हिस’ या एका शब्दात दडलेलं असतं.

मी हे पोर्टल आतून पाहिलं आहे. २०२१ च्या सुरुवातीला आमच्याकडच्या एका दातांच्या दवाखान्याची नोंदणी मी करून दिली. आधी संस्थेची नोंदणी, मग सहा अक्षरी नाव, मग प्रत्येक मेसेजचा नमुना. बदलणाऱ्या जागी, म्हणजे पेशंटचं नाव, तारीख, वेळ, तिथे ठरावीक खूण टाकायची आणि त्या जागेत तेव्हा ३० पेक्षा जास्त अक्षरं बसत नव्हती. आमचा मजकूर होता: ‘नमस्कार सुनंदाताई, आपली तपासणी उद्या सकाळी ११ वाजता आहे.’ एवढ्यात ५६ अक्षरं संपली, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांतलं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. रोमन लिपीतल्या एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. पुढच्या १४ मध्ये दवाखान्याचं नाव बसवायचं. नाही बसलं तर दोन मेसेजचे पैसे. मराठी मुलखातल्या छोट्या व्यावसायिकांचे मेसेज इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत का येतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

तो नमुना मंजूर झाला आणि तरीही मेसेज जाईनात. दोन दिवस शोधल्यावर दिसलं की नमुन्यात शेवटी पूर्णविराम होता आणि दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमधून तो सुटला होता. एका टिंबासाठी पेशंट वेळ चुकवत होते. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर ‘आपल्यासाठी मंजूर’ कर्जाचे मेसेज मात्र सुरळीत येत होते, कारण पाठवणाऱ्यांनी नमुने नीट नोंदवलेले होते. ही यंत्रणा मजकूर नोंदवलेला आहे का एवढंच बघत होती. घेणाऱ्याला तो हवा आहे का, हे ती बघतच नव्हती. मला याचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो.

हाच अनुभव पुढे सगळ्या देशाने घेतला. ८ मार्च २०२१ ला नमुन्यांशी न जुळणारे मेसेज सरसकट अडवायला सुरुवात झाली आणि बँकांचे ओटीपी पोचेनासे झाले. ज्येष्ठांचं कोरोना लसीकरण नुकतंच सुरू झालं होतं. त्या नोंदणीचे ओटीपीही अडकले. दुसऱ्याच दिवशी नियामकाने सात दिवसांसाठी ती तपासणी थांबवली. एप्रिलपासून ती पुन्हा लागू झाली. बड्या संस्थांनी वेळेत नमुने नोंदवले नव्हते ही गोष्ट खरी, पण त्यामुळे झालेली ओढाताण त्यांच्या ग्राहकांच्या वाट्याला आली.

संमती खरोखर ग्राहकाकडूनच घ्यायची, हा आदेश निघाला जून २०२३ मध्ये. पाठवणाऱ्याने १२७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून विचारायचं, ग्राहकाने हो किंवा नाही म्हणायचं आणि ते उत्तर मोबाइल कंपनीकडे नोंदलं जायचं. हे २०१८ मध्येच व्हायला हवं होतं. पाच वर्षं ‘एक्सप्लिसिट’ या शब्दाला आधारच नव्हता. त्यानंतर पावलं भराभर पडली. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी मंजूर न केलेल्या लिंकचे मेसेज अडवायला सुरुवात झाली. डिसेंबर २०२४ पासून मेसेज मूळ पाठवणाऱ्यापासून शेवटच्या टोकापर्यंत कुणाकुणाच्या हातून गेला त्याची साखळी नोंदवणं बंधनकारक झालं. १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीत तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. साध्या नंबरावरून जाहिरात करणाऱ्यावर कारवाईसाठी आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच पुरतात. प्रत्येक प्रमोशनल मेसेजमध्ये बाहेर पडायची सोय हवी आणि एकदा बाहेर पडलेल्या ग्राहकाला ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. तक्रारींचे आकडे चुकीचे दाखवणाऱ्या मोबाइल कंपनीला पहिल्यांदा २ लाख, मग ५ लाख, मग १० लाख रुपये. २००७ मधल्या ५०० रुपयांच्या शेजारी ठेवून पाहिलं की अंतर लक्षात येतं.

ॲपमधलं ‘ब्लॉक’ बटण या सगळ्याला पर्याय होत नाही, त्याचं कारण सुरुवातीच्या त्या दोन अक्षरांत आहे. तोच पाठवणारा आज एका जाळ्यातून येतो, उद्या दुसऱ्या. आधीची अक्षरं बदलली की फोनच्या लेखी तो नवा माणूस. आपण एक दार बंद करतो आणि तो शेजारच्या दारातून आत येतो. १९०९ वरची तक्रार मात्र रेघेच्या पुढच्या नोंदवलेल्या नावापर्यंत पोचते.

दरम्यान जाहिरातींनी रस्ताच बदलला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये जे मेसेज ॲप असतं त्यात आरसीएस आलं, म्हणजे त्याच खिडकीत पण इंटरनेटवरून येणारे मेसेज. चित्र, लोगो, नावापुढे बरोबरची खूण. जून २०२२ मध्ये यातून भारतात इतक्या जाहिराती येऊ लागल्या की ॲप चालवणाऱ्या कंपनीने काही काळ त्या थांबवल्या. नंतर त्या पुन्हा दिसू लागल्या. हे मेसेज एसएमएसच्या वाटेने येत नाहीत, त्यामुळे त्यांना नमुन्याची तपासणी नाही आणि शेवटी पी किंवा एस हे अक्षरही नाही. १९०९ वर नोंदवलेलं ‘नको’ त्यांच्यापर्यंत पोचतंच असं नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये आरसीएस बंद केलं की ते थांबतात, पण त्याबरोबर घरच्यांशी चालू असलेलं त्यावरचं चॅटही साध्या एसएमएसवर येतं.