पाहुणा नेता परतल्यावर उरणारे दोन कागद: संयुक्त निवेदन आणि करार

परदेशी नेता येतो, मानवंदना होते, मेजवानी होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एकाच दमात सांगितले जाते, की संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले आणि इतके करार झाले. दोन्हींत तीच नावे आणि मैत्रीची तीच भाषा असल्यामुळे वाचणाऱ्याला ते एकच वाटतात. फरक कळतो तो पुढे कधी एखादा देश दिलेला शब्द पाळेनासा झाला म्हणजे.

संयुक्त निवेदनात दोन्ही सरकारे आपला इरादा जगापुढे ठेवतात. त्याचा मसुदा अधिकारी भेटीच्या बऱ्याच आधीपासून घासत असतात. त्यावर सहसा सह्या नसतात आणि ते संसदेपुढेही जात नाही. त्यातले एखादे आश्वासन पाळले गेले नाही, तर तक्रार राजकीय पातळीवर होते, न्यायालयात नव्हे. म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. मागच्या भेटीच्या निवेदनाशेजारी ते ठेवून वाचा. कोणता वाद या वेळी गळला, कोणत्या शेजाऱ्याचे नाव नव्याने आले, हे तिथेच दिसते.

करार मात्र बांधून घेतो. देशांमधल्या करारांचे नियम घालणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना करारनाम्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे अंमलात असलेला करार दोन्ही पक्षांनी सद्भावनेने पाळलाच पाहिजे. पण सही झाली की काम संपले असे नसते. बऱ्याच करारांना त्यानंतर अनुसमर्थन लागते, म्हणजे देशाने आपल्या घटनात्मक पद्धतीने दिलेली अंतिम मान्यता. भारत आणि बांगलादेश यांच्या जमीन-सीमा करारावर इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांच्या सह्या झाल्या १९७४ साली. भूभागाची अदलाबदल करायची, तर भारताला घटनादुरुस्ती हवी होती. ती शंभरावी दुरुस्ती म्हणून २०१५ मध्ये झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांच्या ढाका भेटीत अनुसमर्थनाचे दस्तऐवज दिले-घेतले गेले. मधल्या ४१ वर्षांत एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांमधली माणसे कोणत्याच सरकारला धड आपली वाटत नव्हती. मला यातले सगळ्यात दुखरे पान हेच वाटते.

‘सामंजस्य करार’ या नावाने जे दस्तऐवज बातमीतली संख्या फुगवतात, त्यातले बरेचसे सहकार्याची इच्छा नोंदवणारे असतात, कायद्याने बांधणारे नव्हेत.

मग कागदाच्या मथळ्यावरून निवाडा करावा का? नाही. १९७५ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानच्या पंतप्रधानांनी ब्रुसेल्समध्ये एक संयुक्त निवेदन काढले होते. त्याच्या आधारे ग्रीस आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९७८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की संयुक्त निवेदन करार ठरूच शकत नाही असा कोणताही नियम नाही. मजकूर आणि परिस्थिती पाहावी लागेल. त्या कसोटीवर ते निवेदन टिकले नाही. पुढे कतार आणि बहरीनच्या वादात उलटे घडले. १९९० मध्ये दोहा इथे परराष्ट्रमंत्र्यांनी सही केलेले बैठकीचे इतिवृत्त न्यायालयाने १९९४ मध्ये करारच मानले. आपला तसा हेतू नव्हता, हे बहरीनच्या मंत्र्याचे म्हणणे न्यायालयाने ऐकले नाही.

मैत्रीचे नूतनीकरणही दोन वेगळ्या तऱ्हांनी होते. निवेदनात ते दर भेटीला होते आणि त्याला फार काही लागत नाही. करारात ते करायचे तर कलमे उघडावी लागतात. १९४९ च्या भारत-भूतान करारात परराष्ट्र संबंधांबाबत भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे असे कलम होते. २००७ च्या नव्या करारातून ते गेले आणि तिथे राष्ट्रहिताच्या बाबतीत निकट सहकार्याची भाषा आली. मोठ्या देशाने धाकट्या शेजाऱ्याला बरोबरीची जागा लेखी देणे, हे मला कुठल्याही मानवंदनेपेक्षा मोठे स्वागत वाटते.

कराराची ताकद मात्र मर्यादित आहे. सोव्हिएत संघ आणि चीन यांचा १९५० चा मैत्री करार ३० वर्षांचा होता, तरी १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीवर त्यांचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. याउलट अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीतले १९७२ चे शांघाय निवेदन करार नव्हते. त्यात दोन्ही बाजूंनी आपापले मतभेद वेगवेगळे लिहिले आणि त्यावरच पुढचे संबंध उभे राहिले.

मुदत संपलेल्या कराराचे उदाहरण जवळचेच आहे. १९७२ चा भारत-बांगलादेश मैत्री करार २५ वर्षांचा होता. १९९७ मध्ये तो नूतनीकरण न होता संपला. त्याआधी काही महिने, डिसेंबर १९९६ मध्ये, गंगेच्या पाणीवाटपाचा ३० वर्षांचा करार झाला होता. त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरमध्ये संपते आणि नूतनीकरण परस्पर संमतीनेच होऊ शकते. ढाका-दिल्ली भेटीच्या निवेदनात गंगेविषयी किती ओळी येतात हे पाहावेच, पण त्या ओळींनी पाण्याचा वाटा ठरत नाही. त्याला सह्या झालेला नवा मजकूर लागेल.