सोनखत ते मैलागाळ: सोलापूरच्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

माणसाच्या मैल्यापासून झालेल्या खताला आपल्याकडे सोनखत म्हणतात. शेतकऱ्याने त्याला किती मोल दिले, ते या नावातच आहे. आज सोलापूरच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांमधून निघणाऱ्या काळ्या गाळाला मात्र घेणारा शोधावा लागतो. असे का झाले?

सोलापूरची नगरपालिका १८५२ची. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली आणि शहर दाटत गेले. तो काळ सगळीकडेच टोपलीच्या संडासांचा होता. मैल्यात पाणी फारसे नसे, त्यामुळे केरात मिसळून चरात पुरला की काही महिन्यांत खत होई. १९३९ च्या सुमारास शास्त्रज्ञ सी. एन. आचार्य यांनी केर आणि मैल्याचे थर देण्याची हीच रीत शास्त्रशुद्ध केली. ती 'बंगळूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पण हे सोनखत ज्यांच्या डोक्यावरून जाई, त्यांच्या वाट्याला विटंबनाच आली. टोपली जायलाच हवी होती. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी तिच्यावर बंदी घातली.

टोपलीच्या जागी ड्रेनेज आले, आणि मैल्यात पाणी आले. १९९२ च्या हद्दवाढीने आसपासची गावे शहरात आली, नळजोड वाढले, सांडपाणी नाल्यांवाटे सीना नदीकडे जात राहिले. पुढे देगाव, प्रतापनगर, कुमठे इथे शुद्धीकरण केंद्रे झाली. शुद्ध झालेल्या पाण्याला गिऱ्हाईक मिळण्याची वाटही निघाली: २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांना ते वापरणे बंधनकारक केले. तळाशी बसलेल्या गाळाचा विचार मागेच राहिला.

खरी अडचण वजनाची आहे. १०० टन गाळात ९८ टक्के पाणी असेल, तर घन भाग फक्त २ टन. पाणी ८० टक्क्यांवर आणले की तोच गाळ १० टनांचा होतो, म्हणजे दहा गाड्यांच्या जागी एक. सोलापूरच्या उन्हात वाळूच्या वाफ्यांवर हे स्वस्तात होते. काही पाणी खाली झिरपते, उरलेले उडून जाते. मात्र त्याला जागा भरपूर लागते, वास येतो आणि इथला मुख्य पाऊस, सप्टेंबरचा, आला की वाफे पुन्हा ओले. म्हणून बेल्ट प्रेस (पट्ट्यांमध्ये दाबून गाळातले पाणी काढणारे यंत्र) किंवा सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून पाणी काढणारे यंत्र). त्याआधी पॉलिमर हे रसायन घालावे लागते, कारण गाळाच्या बारीक कणांवरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. पॉलिमरने ते गुठळ्या धरतात आणि पाणी सुटते. मात्रा चुकली की पट्ट्याला चिकट राड लागते. माझ्या मते यंत्राच्या किमतीपेक्षा ही मात्रा रोज तपासणारा माणूस जास्त महत्त्वाचा.

वाळला तरी गाळ लगेच शेतात टाकण्याजोगा नसतो. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. ढीग ५५ अंशांवर काही दिवस तापला तर ती मरतात. रंगाचे तसे नाही. चादरी-टॉवेलच्या या गावात डाईंगचे पाणी घरगुती ड्रेनेजमध्ये मिसळले, तर काही रंगांतले तांबे आणि क्रोमियम गाळात साठते. ते उष्णतेने जात नाही. शहरी कंपोस्टमध्ये क्रोमियमची कमाल मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम आहे. गाळ पुन्हा सोनखत व्हायचा, तर हे पाणी रंगाच्या कुंडापाशीच वेगळे काढावे लागेल.