अंतर-काल आलेख

अंतर-काल आलेख : गतिमान वस्तू कोणत्या वेळी किती अंतरावर होती, हे दाखवणारी रेघ. काळ आडव्या अक्षावर, अंतर उभ्या अक्षावर मांडतात. रेघेचा चढ, म्हणजे अंतरातील बदल भागिले त्यासाठी लागलेला वेळ, ही वस्तूची चाल. सरळ तिरपी रेघ एकसमान चाल दाखवते. आडवी रेघ म्हणजे वस्तू उभी आहे. रेघ वक्र असेल तर चाल बदलती असते आणि एखाद्या क्षणाची चाल त्या बिंदूवरील स्पर्शिकेच्या, म्हणजे वक्राला तिथे नुसती टेकणाऱ्या सरळ रेघेच्या, चढावरून मिळते.

विद्यार्थी हमखास फसतात ते आलेखाला रस्त्याचे चित्र समजून. ‘चढ’ हा शब्दच त्यांचा घात करतो. गोव्यात कुळे स्थानकापुढे लोहमार्ग दूधसागरवरून कॅसलरॉककडे घाट चढतो. चढण ३७ मीटरला १ मीटर. मालगाडीला जादा इंजिनांचा जोर लावावा लागतो. समजा, कुळ्याआधीचे १२ किमी गाडीने १५ मिनिटांत कापले, इंजिने जोडायला ती १० मिनिटे थांबली आणि घाटातल्या १० किमीला ३० मिनिटे लागली. सपाटीवर चाल ताशी ४८ किमी, घाटात अवघी २०. म्हणजे गाडी डोंगर चढू लागते तेव्हा आलेखातली रेघ आडवीकडे कलंडते! सरासरी चाल काढताना थांबलेली १० मिनिटेही धरायची : ५५ मिनिटांत २२ किमी, ताशी २४.

एकूण कापलेले अंतर मांडले तर रेघ कधीच खाली येत नाही. उभ्या अक्षावर ठरावीक ठिकाणापासूनचे अंतर घेतले तर परतणाऱ्या गाडीची रेघ उतरते. रेल्वेचे नियंत्रक असाच आलेख वापरतात. त्यात प्रत्येक स्थानकाची एक आडवी ओळ, प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गोव्यातून जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग एकेरी असल्यामुळे समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या रेघा स्थानकाच्या ओळीवरच छेदाव्या लागतात. दोन ओळींच्या मधे छेद पडला तर ते वेळापत्रक चालवताच येणार नाही. काणकोणला गाडी ‘क्रॉसिंग’साठी खोळंबते आणि प्रवासी घड्याळ बघत चरफडतात, तेव्हा आलेखात तिची रेघ त्या स्थानकाच्या ओळीवर आडवी सरकत असते, समोरून उतरत येणारी दुसरी रेघ तिला भेटेपर्यंत.