लोकप्रतिनिधींचा बाह्य व्यवसाय

लोकप्रतिनिधींचा बाह्य व्यवसाय : कायदेमंडळाचे सदस्य असताना, त्या पदाच्या वेतनाशिवाय मोबदला मिळवून देणारे दुसरे काम करणे. वकिली, डॉक्टरी, शेती, कंपनीचे संचालकपद, सल्लागारी, वृत्तपत्रांतील स्तंभलेखन, भाषणांचे मानधन हे सारे यात मोडते. मंत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक लोकशाही देशांत मंत्रिपद घेताना व्यवसायाशी असलेला संबंध तोडावा लागतो. वाद आहे तो इतर सदस्यांबाबत. ‘लाभाचे पद’ हीही निराळी कल्पना आहे. सरकारने दिलेल्या पदामुळे सदस्य सरकारचा मिंधा होईल, ही त्यामागची भीती. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार असे पद घेणारा सदस्य अपात्र ठरतो. २००६ मध्ये जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व याच कारणाने गेले. खासगी कंपनीचा मिंधेपणा मात्र या अनुच्छेदांच्या कक्षेत येत नाही, आणि प्रस्तुत नोंदीचा विषय तोच आहे.

या प्रश्नाचे मूळ वेतनात आहे. ब्रिटनमध्ये कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या सनदेत खासदारांना वेतन द्यावे अशी मागणी केली. ती मान्य व्हायला १९११ साल उजाडले आणि वेतन ठरले वर्षाला ४०० पौंड. तोवर सभागृह जमीनदार, व्यापारी आणि बड्या वकिलांचे होते. कामगारांमधून निवडून आलेल्या मोजक्या सदस्यांचा खर्च कामगार संघटना उचलत. जर्मन साम्राज्याच्या १८७१ च्या घटनेत तर राइशटाग या संसदेच्या सदस्यांना वेतन देण्यास मनाईच होती. राजकारणावर पोट भरणारा वर्ग बिस्मार्कला नको होता, आणि समाजवादी कामगार सभागृहात येऊ नयेत हाही हेतू त्यात होता. ही बंदी १९०६ मध्ये उठली. बिनपगारी सेवेला त्यागाचे तेज चढवले जाते, पण इतिहासात तिचा परिणाम एकच दिसतो : ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्यालाच निवडणूक लढवणे परवडते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या ४०० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात आजही दोन वर्षांच्या मुदतीसाठी २०० डॉलर मिळतात. तिथे बाह्य व्यवसायाला बंदी घातली तर सभागृह निवृत्तांच्या आणि श्रीमंतांच्याच हाती जाईल. पुरेसे वेतन नसेल तर बंदीची भाषा करण्याला अर्थ नाही.

वेतन पुरेसे असतानाही बाह्य व्यवसायाच्या बाजूने काही मुद्दे मांडले जातात. पुढच्या निवडणुकीत हरलो तर काय, ही चिंता नसलेला सदस्य पक्षश्रेष्ठींविरुद्ध बोलू शकतो. ज्याला परत जायला दवाखाना किंवा वकिलीची सनद आहे, तो खुर्चीला चिकटून राहत नाही. शिवाय कायदे करणाऱ्याला बाहेरच्या जगाची ओळख राहते. यातला पहिला मुद्दा वजनदार आहे. तिसरा मात्र वाटतो तितका भक्कम नाही, कारण जगाची ओळख रुग्ण तपासून होते; कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीला हजर राहून होते ती एका फार छोट्या जगाची.

विरोधकांचा नेहमीचा आक्षेप वेळेचा असतो : जनतेने पूर्ण वेळेसाठी निवडून दिले, मग अर्धा दिवस दुसरीकडे का? हा आक्षेप लोकांना चटकन पटतो, पण तो टिकत नाही. संसदीय पद्धतीत मंत्री अख्खे खाते चालवतो आणि तरीही आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी राहतो. ते चालत असेल, तर आठवड्यातून एक दिवस शस्त्रक्रिया करणाऱ्या सदस्याला कशाच्या आधारे अडवायचे? तास मोजून फारसे हाती लागत नाही. पैसे कोण देतो आणि नेमके कशासाठी देतो, हे विचारले की प्रश्न स्पष्ट होतो. सदस्य नसता तरी याच माणसाला हे काम याच मोबदल्यात मिळाले असते का? भूलतज्ज्ञाला मिळाले असते. कालपर्यंत त्या उद्योगाशी संबंध नसलेल्या ‘सल्लागारा’ला बहुधा नसते; त्याच्याकडून विकत घेतली जाते ती ओळख, मंत्रालयातील वट आणि सभागृहातील आवाज.

न्यूयॉर्क राज्याच्या असेंब्लीचे सभापती शेल्डन सिल्व्हर यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील सदस्यांना वकिली करण्याची मुभा होती आणि सिल्व्हर वकील होते. बड्या बांधकाम कंपन्यांनी मालमत्ता कराची कामे एका छोट्या वकिली फर्मला द्यायची आणि फर्मने फीचा वाटा सिल्व्हर यांना द्यायचा, अशी ती रचना होती. त्याच कंपन्यांचे हित राज्याच्या घरभाडे व करसवलतीच्या कायद्यांत गुंतलेले होते. २०१५ मध्ये ते दोषी ठरले, अपिलात निकाल फिरला, २०१८ मध्ये पुन्हा दोषी ठरले. पुढच्या अपिलात काही आरोप गळाले, पण बांधकाम कंपन्यांचा भाग टिकला. कागदावर ही फी वकिलीचीच होती, आणि बाह्य व्यवसायातली अडचण नेमकी हीच आहे. लाच वेगळी ओळखता येते. व्यवसायाच्या उत्पन्नात मिसळलेली लाच ओळखायला तपास यंत्रणेला वर्षे लागतात.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९८९ च्या कायद्याने कठोर मार्ग धरला. सदस्याच्या बाहेरील कमाईवर वरिष्ठ प्रशासकीय वेतनश्रेणीच्या १५ टक्के अशी मर्यादा आली, भाषणांचे मानधन बंद झाले आणि वकिलीसारख्या, अशिलाशी विश्वासाचे नाते असलेल्या व्यवसायांतून पैसे घेण्यास मनाई झाली. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न हे प्रसूतितज्ज्ञ होते. केवळ खर्चापुरते पैसे घेऊन बाळंतपणे करण्यासही सिनेटच्या नीतिमत्ता समितीने त्यांना हरकत घेतली. मात्र ही मर्यादा श्रमाच्या कमाईला आहे. शेअर, लाभांश आणि घरभाड्याचे उत्पन्न त्यात येत नाही. बाळंतपण करणारा डॉक्टर अडतो, आणि ज्या उद्योगांबद्दल कायदे करायचे त्यांचेच शेअर बाळगणारा सदस्य मोकळा राहतो. हा उलटा न्याय आहे, आणि शेअरखरेदीवर बंदीची मागणी तिथे वारंवार उठते ती यामुळेच.

जर्मनीने बंदीऐवजी उघडपणावर भर दिला. सदस्यत्व हेच कामाचे केंद्र असले पाहिजे, इतर व्यवसाय चालेल पण उत्पन्न जाहीर करा, असा नियम झाला. फ्रीडरिश मेर्त्स यांच्यासह नऊ सदस्य त्याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात गेले. २००७ मध्ये न्यायाधीशांत चार विरुद्ध चार अशी फूट पडली आणि बहुमत न झाल्याने याचिका फेटाळली गेली. कोविड काळात मास्क खरेदीच्या व्यवहारांत काही सदस्यांनी दलाली घेतल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये नियम आणखी आवळले गेले. स्वित्झर्लंड दुसऱ्या टोकाला आहे : तिथली संसद वर्षातून चार वेळा, सुमारे तीन-तीन आठवडे बसते आणि सदस्यांनी आपापला व्यवसाय चालू ठेवावा हीच अपेक्षा असते. आरोग्य विमा कंपन्यांच्या मंडळांवर बसलेले सदस्य आरोग्यविषयक कायदे करतात, ही टीका तिथेही होतेच.

भारतात सामान्य सदस्याच्या खासगी व्यवसायाला बंदी नाही. खासदार-आमदारांना वकिली करण्यापासून रोखावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळली; त्यांना वेतन मिळत असले तरी ते पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. राज्यसभेच्या नियम २९३ नुसार सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. तीत संचालकपद, सल्लागारी, व्यावसायिक काम आणि कंपनीवर ताबा देणारे (नियंत्रक) भागभांडवल यांची माहिती द्यावी लागते. ज्या सभागृहाच्या हाती अर्थसंकल्प असतो त्या लोकसभेलाही अशीच नोंदवही हवी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू मांडली, हे प्रकरण १९५१ इतके जुने आहे. तेव्हा समितीने त्यांना दोषी धरले आणि हकालपट्टीआधीच त्यांनी राजीनामा दिला.

नियम कितीही नेमके असले तरी चौकशी सहकाऱ्यांनीच करायची, हा त्यातला कच्चा दुवा आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या ‘पैसे घेऊन प्रश्न’ प्रकरणानंतर खासदारांच्या वर्तनाची चौकशी करणारा स्वतंत्र मानक आयुक्त नेमला गेला. २०२१ मध्ये त्या आयुक्तांच्या चौकशीत सत्ताधारी पक्षाचे खासदार ओवेन पॅटरसन दोषी आढळले. दोन कंपन्यांकडून मिळून त्यांना वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक मिळत होते, म्हणजे खासदाराच्या वेतनापेक्षा जास्त, आणि त्या कंपन्यांसाठी ते सरकारी खात्यांकडे रदबदली करत होते. सभागृहाच्या समितीने ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली; सरकार पक्षाने बहुमताच्या जोरावर ती बाजूला सारली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरड झाल्यावर माघार घेतली. पॅटरसन यांनी राजीनामा दिला. २०१९ मध्ये सुमारे २३,००० मतांच्या आघाडीने जिंकलेली नॉर्थ श्रॉपशायरची ती जागा पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाने घेतली. मार्च २०२३ पासून खासदारांना पैसे घेऊन संसदीय सल्ला देण्यास बंदी आहे. दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टर खासदाराला ती लागू होत नाही.