क्षमा किती वेळा? कॅथलिक प्रार्थनेतील पाप आणि तारणाची पार्श्वभूमी

मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला एक हिशेबी प्रश्न विचारतो. भावाने माझा अपराध केला तर त्याला कितीदा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर येते, सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा. ऐकायला सोपे आहे. पण हेच उत्तर देवाच्या वतीने पापी माणसाला द्यायचे म्हटल्यावर ख्रिस्तसभा (चर्च) कित्येक शतके अडखळत राहिली. आज सहज ओठांवर येणाऱ्या प्रार्थना, पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याची, पद्धत, जाळीमागे बसलेला धर्मगुरू, या सगळ्यांत त्या अडखळण्याच्या खुणा आहेत.

आधी शब्द पाहू. हिब्रूत पापासाठी जे क्रियापद वारंवार येते त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात केसावर गोफण मारली तरी न चुकणाऱ्या सातशे डावखुऱ्यांचे वर्णन आहे, तिथे हेच क्रियापद वापरले आहे. ग्रीक ‘हमार्तिया’चा अर्थही तोच. येशूच्या अरामी भाषेत मात्र ऋण आणि पाप यांना एकच शब्द चाले. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय ‘आमची ऋणे’ लिहितो आणि लूक ‘आमची पापे’. तारणासाठी लॅटिनमध्ये रूढ झालेला शब्द तर सरळ बाजारातला आहे. त्याचा अर्थ किंमत देऊन परत सोडवून घेणे. मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धारही आणि कर्जापोटी ठेवलेले गहाणही. हा निव्वळ योगायोग, पण इथे विलक्षण चपखल बसतो.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा समज असा होता की स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) सगळी पापे धुतली जातात, आणि त्यानंतर माणूस मोठे पाप करणारच नाही. तो करतो, हे लवकरच दिसून आले. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने तोडगा सुचवला: स्नानसंस्कारानंतर पश्चात्तापाची आणखी एक संधी, फक्त एकच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या लेखकाने त्या संधीला जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी म्हटले. पुढे तोच तर्तुलियन कडक पंथाकडे वळला आणि ही फळीही द्यायला नको म्हणून भांडू लागला.

खरी कसोटी इ. स. 250 मध्ये लागली. सम्राट डेसियसने सर्वांना रोमन देवतांपुढे यज्ञ करण्याचा हुकूम काढला. अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने यज्ञ केला, काहींनी लाच देऊन केल्याचा दाखला तेवढा मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे दारात उभे राहिले. रोममध्ये नोवेशियन हा धर्मगुरू म्हणाला, यांना परत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 251 ची तिथली परिषद यांनी मधला मार्ग धरला: परत घ्यायचे, पण दीर्घ प्रायश्चित्तानंतर. मला हा निर्णय या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. ख्रिस्तसभा म्हणजे शुद्ध माणसांचा गट नव्हे, हे इथे व्यवहारात ठरले.

हे प्रायश्चित्त मात्र चारचौघांत आणि आयुष्यात एकदाच. पापी माणूस वेगळ्या जागी उभा राही, त्याला ख्रिस्तशरीर (मिस्सा या उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) मिळत नसे, आणि समेट झाल्यावरही काही बंधने जन्मभर सुटत नसत. थेस्सलनीका शहरातल्या कत्तलीबद्दल 390 मध्ये सम्राट थिओडोसियसलाही मिलानचा बिशप अँब्रोजने प्रायश्चित्त करायला लावले. अट इतकी जड असल्यावर लोकांनी पळवाट शोधलीच. स्नानसंस्कार पुढे ढकलायचा, जमले तर मरणशय्येपर्यंत. सम्राट कॉन्स्टंटाइनचा स्नानसंस्कार 337 मध्ये अखेरच्या आजारात झाला.

पापाचे मूळ कुठे, या प्रश्नाला पश्चिमेत बिशप ऑगस्टीनने वळण दिले. पोरवयात मित्रांबरोबर चोरलेल्या पेअरवर तो पानेच्या पाने लिहितो. भूक नव्हती, फळही खास नव्हते, मग चोरले का? केवळ करू नये म्हणून. इच्छाच वाकडी झाली आहे, ती स्वतःच्या जोरावर सरळ होत नाही, हे त्याचे उत्तर. त्याच काळातल्या पेलाजियस या संन्याशाला वाटे की माणूस ठरवले तर नीट वागू शकतो. 418 च्या कार्थेज परिषदेने ऑगस्टीनची बाजू घेतली आणि मूळपापाची, म्हणजे आदामापासून प्रत्येकात उतरलेल्या पापाची, शिकवण पक्की झाली. या कडक शिकवणीची दुसरी बाजू पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या स्तोत्रात ऐकू येते. त्यात आदामाच्या पापाला चक्क ‘भाग्याचा अपराध’ म्हटले आहे, कारण त्यामुळेच असा तारणारा लाभला.

एकदाच मिळणाऱ्या क्षमेची कोंडी फोडली ती आयर्लंडच्या मठवासीयांनी. मठात गुरूला मनातले सांगण्याची चाल होती, ती त्यांनी सामान्य लोकांपर्यंत नेली. कबुली खासगीत द्यायची आणि हवी तितक्या वेळा. कोणत्या पापाला किती दिवस उपवास याच्या याद्याच त्यांनी केल्या. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानस हा आयरिश मठवासी ही रीत युरोपच्या मुख्य भूमीवर घेऊन आला. जवळपास त्याच सुमारास, 589 मध्ये, स्पेनच्या टोलेडो परिषदेने पाप होईल तितक्या वेळा धर्मगुरूकडे क्षमा मागण्याच्या प्रथेला धिक्कारले होते. जे तेव्हा निंद्य ठरले तेच पुढे कर्तव्य झाले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला. त्याच कलमात धर्मगुरूला जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतणाऱ्या कुशल वैद्याची उपमा आहे, आणि ऐकलेले गुपित फोडणाऱ्याला पदावरून काढून मठात आजन्म प्रायश्चित्त करायला लावण्याची शिक्षाही.

क्रुसावरच्या मरणाने तारण नेमके कसे होते, याचे एकच एक उत्तर कधीच नव्हते. जुने लेखक सैतानाच्या तावडीतून खंडणी देऊन सुटका झाल्याचे म्हणत. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्मने 1098 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात सैतानाला बाजूला सारले: देवाचा मान दुखावला, त्याची भरपाई माणसाने करायची पण करू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. पुन्हा ऋणाचीच भाषा.

ती भाषा ताणली गेली की काय होते ते दंडमुक्तीच्या व्यवहारात दिसले. पापाची क्षमा झाली तरी त्याचा ऐहिक दंड उरतो, तो इथे किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात (स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या अवस्थेत) फेडायचा, ही शिकवण. त्या दंडाच्या सवलतीसाठी पैसे गोळा होऊ लागले आणि 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने 95 प्रबंध मांडले. पहिल्याच प्रबंधाचे म्हणणे असे की येशूने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे व्हावे असे त्याला अभिप्रेत होते. याला उत्तर देणाऱ्या कॅथलिक ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये पापनिवेदन हा संस्कारच असल्याचे ठासून सांगितले आणि पापमुक्तीला न्यायनिवाड्याची उपमा दिली. वैद्य मागे पडला, न्यायाधीश पुढे आला. मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओने जाळीच्या लाकडी कक्षाचा प्रसार केला तो याच काळात. ख्रिस्तसभेचा आजचा 1983 चा कायदाही गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगायला लावतो. क्षमा करणाऱ्याने मोजायचे नाही, मागणाऱ्याने मात्र मोजायचे, असा हा उलटा हिशेब.

प्रार्थनांत हे सगळे थर साचले. नमो मरिया या मरियेच्या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला. ‘आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणसमयी विनंती कर’ ही ओळ मध्ययुगाच्या शेवटी जोडली गेली आणि पोप पाचव्या पायसच्या 1568 च्या प्रार्थनाग्रंथात पक्की झाली. 1973 च्या पापनिवेदनाच्या नव्या विधीत पापमुक्तीचे शब्द बदलले. आता धर्मगुरू आधी करुणेच्या पित्याचे आणि पुत्राच्या मरण-पुनरुत्थानाने झालेल्या समेटाचे स्मरण करतो, देवाने तुला क्षमा आणि शांती द्यावी असे मागतो, आणि मग ‘मी तुला पापमुक्त करतो’ म्हणतो. शेवटच्या शब्दांत ट्रेंटचा न्यायाधीश आहे, त्याआधीच्या विनवणीत त्याहून कितीतरी जुनी ख्रिस्तसभा.

मिस्सेच्या आरंभी छातीवर मूठ टेकवून म्हटली जाणारी कबुलीची प्रार्थनाही 1970 च्या मिस्साग्रंथात बदलली. पूर्वी कबुली ऐकणाऱ्यांत मरिया, मीखाएल, बाप्तिस्मा देणारा योहान, पेत्र, पौल अशी नावांची रांग होती. आता देवानंतर थेट शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींचा उल्लेख येतो. विचार, शब्द आणि कृती या जुन्या तीन पापांना चौथेही जोडले गेले: जे करायला हवे होते आणि केले नाही ते.