अर्धसंवाहक

तांब्यासारख्या सुवाहकापेक्षा कमी आणि काचेसारख्या विद्युत् रोधकापेक्षा जास्त वीज वाहू देणारा पदार्थ. शालेय पुस्तकांत ‘अर्धवाहक’. सिलिकॉन, जर्मेनियम ही मूलद्रव्ये आणि गॅलियम आर्सेनाइडसारखी संयुगे या गटात येतात. नाव थोडे फसवे आहे. नुसती अर्धीमुर्धी वाहकता कोणाच्याच कामाची नसते. ती हवी तशी कमीजास्त करता येते, म्हणून या पदार्थांना मोल आले.

धातू तापवला की त्याचा विद्युत् रोध वाढतो, अर्धसंवाहकाचा मात्र घटतो. मायकेल फॅराडे यांना १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा प्रकार आढळला. त्याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकातील पुंजयामिकी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचे भौतिकशास्त्र (क्वांटम मेकॅनिक्स), यावी लागली. उपयोग मात्र त्याआधीच सुरू झाला होता: कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी रेडिओलहरी टिपण्यासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला आणि १९०४ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना मिळाले.

सिलिकॉनच्या अणूत बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते चारही शेजारच्या अणूंशी बंध जोडण्यात गुंततात. शुद्ध स्फटिकात नेहमीच्या तापमानाला सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन सुटा सापडतो. त्यात दर एक कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, तर सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या जवळजवळ पाच लाख पटींनी वाढते, कारण फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन बंधात न अडकता मोकळा राहतो. दुधाला विरजण लावावे तसा हा प्रकार. याला डोपिंग म्हणतात. बोरॉनमध्ये उलट एक इलेक्ट्रॉन कमी असतो. तिथे उरणारी पोकळी, म्हणजे ‘होल’, धन प्रभारासारखी सरकते. पहिला ‘एन’ प्रकार, दुसरा ‘पी’. आधी सिलिकॉन कमालीचे शुद्ध करायचे आणि मग मोजून अशुद्धी घालायची, असा हा उफराटा उद्योग आहे.

एकाच स्फटिकात पी आणि एन भाग लागून असले, की त्यांच्या सांध्यातून वीज सहजपणे एकाच दिशेने जाते. हा डायोड, मोबाइलच्या चार्जरमध्ये घरातली प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज एकदिश करतो तो हाच. ट्रान्झिस्टरमध्ये छोट्या विद्युत् संकेताने मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण होते. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉक्ली यांच्यासह त्यांना १९५६ चे नोबेल मिळाले. तोवर हेच काम करणाऱ्या, तापायला वेळ घेणाऱ्या, गरम होणाऱ्या निर्वात नळ्या मग मागे पडल्या. आपल्याकडे तर खिशात मावणाऱ्या रेडिओलाच लोक ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले.

तो पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. पुढे बाजी मारली सिलिकॉनने. ते जास्त तापमान सोसते, वाळूतील सिलिकापासून मिळते. पण निर्णायक ठरला त्याचा ऑक्साइड. सिलिकॉन ऑक्सिजनमध्ये तापवले की पृष्ठभागावर काचेसारखा घट्ट, रोधक थर आपोआप धरतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. या थरामुळे १९५९ नंतर एकाच चकतीवर अनेक ट्रान्झिस्टर घडवून जोडणे व्यवहार्य झाले. आजच्या चिपमध्ये त्यांची संख्या अब्जावधींत असते.

प्रकाश देण्याच्या कामात मात्र सिलिकॉन अगदीच कच्चे. एलईडी दिव्यांतील निळ्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइड वापरावे लागते आणि त्यावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, लेप दिला की घरातला पांढरा उजेड मिळतो.