कूपे म्हणजे फर्स्ट एसी नव्हे

‘फर्स्ट एसी काढलंय, म्हणजे कूपे मिळणारच’ हे वाक्य दर लग्नसराईत आणि दर मे महिन्यात ऐकू येतं. मग गाडीत चढल्यावर समोर अनोळखी माणसं बसलेली दिसतात आणि टीसीशी वाद सुरू होतो. त्यात टीसीची काहीही चूक नसते.

फर्स्ट एसी हा वर्ग आहे. कूपे आणि केबिन हे त्या वर्गातल्या खोल्यांचे दोन प्रकार. केबिनमध्ये चार बर्थ, दोन खाली, दोन वर. कूपेत दोनच, एक खाली, एक वर. दार दोन्हींना, कडी दोन्हींना, भाडं सारखंच. सेकंड एसीतल्या पडद्याआडच्या चार बर्थनाही काहीजण कूपे म्हणतात. कृपा करून म्हणू नका, पडदा म्हणजे दार नव्हे.

गोची होते ती बुकिंगच्या वेळी. तिकीट काढताना आयआरसीटीसी फर्स्ट एसीसाठी पसंती विचारते आणि त्यात ‘कूपे’, ‘केबिन’ असे पर्याय दिसतात. तिथे कूपे निवडला, पैसे भरले, तिकीट कन्फर्म झालं, की लोक धरून चालतात, कूपे आपला. प्रत्यक्षात कन्फर्म झालेली असते ती फक्त फर्स्ट एसीतली जागा. म्हणूनच त्या तिकिटावर इतर वर्गांसारखा बर्थचा नंबर नसतो. कोणाला कोणती खोली, हे चार्ट तयार होताना ठरतं. एका तिकिटावर किती माणसं आहेत, एकट्याने प्रवास करणाऱ्या बायका कोण, कोट्यातून कोण आलंय, हे पाहून मांडणी होते. दोघांचं एकच तिकीट असेल तर कूपेची आशा धरायला हरकत नाही, पण डब्यात कूपे असतात मोजकेच. काही गाड्यांत अर्धाच डबा फर्स्ट एसीचा, उरलेला सेकंड एसीचा, तिथे ही आशा आणखी बारीक होते. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाचा सगळा बेत कूपेवर बांधणाऱ्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं.

‘कपल’वरून ‘कूपे’ आला, ही समजूतही याच घोळाला खतपाणी घालते. शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘कापलेला’. बर्लिन नावाच्या जुन्या घोडागाडीत समोरासमोर दोन बाकं असत. त्यातलं पुढचं बाक कापून टाकलं की पुढे तोंड करून बसायचं एकच बाक उरे. ती कूपे गाडी. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या घोडागाड्यांत पुढच्या कप्प्याला हेच नाव होतं आणि पुढे रेल्वेत डब्याच्या टोकाच्या अर्ध्या कप्प्यालाही. आपल्याकडची खोलीही तशीच, केबिनच्या निम्मी. जोडप्यासाठी राखीव असं त्यात काही नाही.

मोटारींतली कूपे याच घराण्यातली, दोन दारांची, छत मागे उतरत जाणारी. अमेरिकेत तिला ‘कूप’ म्हणतात, आपण म्हणायची गरज नाही. २०२४ मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट ‘कूपे एसयूव्ही’ म्हणून विकल्या जातात. दोघींना प्रवाशांची चार दारं आहेत, कूपेचा आहे तो फक्त छताचा उतार. मला हा वापर अजिबात पटत नाही.

परत रेल्वेकडे, कारण एक गोष्ट कोणीच सांगत नाही. सत्तरीच्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना मुलं हौसेने कूपे मागतात. कूपेत खालचा बर्थ एकच असतो, म्हणजे दोघांपैकी एकाला रात्री शिडी चढावीच लागते, आणि अदलाबदल करायला आत तिसरं कोणी नसतं. केबिनमध्ये खालचे बर्थ दोन. ते दोन्ही त्यांनाच मिळतील असं नाही, पण वरचा आला तर निदान विनंती करायला समोर माणूस असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिकीट काढत असाल, तर पसंतीत केबिनच भरा.